ते वांगं नव्हतं

सर्व संबंधितांना, असंबंधितांना आणि जे उगाचच मध्ये डोकावतात त्यांनाही कळवण्यात येते की, सेलूच्या बाजारातला एक प्रतिष्ठित भांडे-व्यापारी — म्हणजे मी — आज एका अत्यंत गंभीर विषयावर तोंड उघडणार आहे. विषय राष्ट्रीय पातळीवरचा नाही, मान्य. पण तालुका पातळीवर खळबळ माजवण्याइतकं वजन त्याला नक्की आहे. तेव्हा बसून घ्या. हातात चहा असेल तर खाली ठेवा. पुढे जे सांगणार आहे ते मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही. देवाला नाही — देवाला तर मुद्दामच नाही, कारण या प्रकरणात त्याचाही थोडा संबंध येतो. आणि वसंताला? त्याला कसं सांगणार? त्याचंच तर...

थांबा. असं एकदम नाही जमायचं. आधी कॅमेऱ्याचं सांगतो.

आम्ही तीन मित्र. शाळेत एका बाकावर होतो, आता पन्नाशीच्या उंबरठ्यावरही एकत्रच ठेचकाळतो आहोत. माझं भांड्यांचं दुकान, शेजारी गजाननचं कापडाचं, आणि वसंता आंजीचा शेतकरी — दर रविवारी मोटारसायकलवर आंजीहून सेलूला येणारा, येताना डिकीत कधी तुरीच्या शेंगा, कधी हरभऱ्याचा ओला डहाळा घेऊन येणारा. गजाननच्या नागपूरच्या भाच्यानं नवा कॅमेरा घेतला आणि जुना मामाच्या गळ्यात मारला. मामानं तो आमच्याही गळ्यात मारला. म्हणजे कॅमेरा एक आणि गळे तीन. पट्टा कुणाच्या मानेत असावा यावरून पहिल्याच रविवारी आमची मैत्री मोडायची वेळ आली होती.

पण काय दिवस होते ते! तुम्ही कधी या वयात नवीन काही शिकलात का? शिकून बघा. गजानन मोबाइलवर व्हिडिओ पाहून यायचा आणि आमचा मास्तर व्हायचा. त्यानं कॅमेरा समजावला तोही दुकानदाराच्या भाषेत. म्हणाला, शटर म्हणजे आपल्या दुकानाचंच शटर समजा. उजेड म्हणजे गिऱ्हाईक. शटर किती वर करता आणि किती वेळ उघडं ठेवता, त्यावर आत किती गिऱ्हाईक येईल ते ठरतं. आणि आयएसओ? आयएसओ म्हणजे दुकानदाराची हाव. अंधार पडल्यावरही गिऱ्हाईक ओढायला गेलात, तर मालात खडे निघणार, म्हणजे फोटोत दाणे. आम्हाला एकदम कळलं! मी तर दुसऱ्या दिवशी दुकान उघडताना शटर अर्धंच वर केलं आणि आत पितळेच्या घागरींवर उजेड कसा पडतो ते बघत बसलो. गिऱ्हाईक वाकून आत येत होतं आणि मला शिव्या देत होतं.

मग प्रश्न आला — एका कॅमेऱ्यात तिघांचे फोटो. कुठला कुणाचा, हे संध्याकाळी कसं ओळखायचं? कारण चांगला निघाला की तिघांचा, आणि बिघडला की कुणाचाच नाही! त्यावर आम्ही एक नियम काढला. या नियमाचा मला आजही अभिमान आहे आणि माझा घातही त्यानंच केला. नियम असा — ज्याच्या हातात कॅमेरा येईल, त्यानं सगळ्यांत आधी स्वतःच्या पायाचा फोटो काढायचा. पुढची चप्पल दिसेपर्यंत सगळे फोटो त्या पायाचे. माझी कोल्हापुरी, गजाननचे पांढरे बूट, वसंताची मातीनं माखलेली रबरी चप्पल. संध्याकाळी गजाननच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर आमच्या पादुकांचं दर्शन चालायचं आणि त्याची बायको आतून ओरडायची की देवळात जाऊन हेच पाहिलं असतं तर पुण्य तरी लागलं असतं.

आता वसंताचे डोळे. हे नीट ऐका, सगळं प्रकरण यावरच आहे. कॅमेऱ्यातून पाहताना एक डोळा मिटावा लागतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. वसंताला एक डोळा मिटता येत नाही. डावा मिटला की उजवाही मिटतो. "दोन्ही जुळे हायेत बे माहे," तो म्हणायचा, "एक झोपला का दुसरा जागा राहातच नाई." म्हणजे हा भला थोरला माणूस कॅमेरा तोंडाला लावायचा, दोन्ही डोळे घट्ट मिटायचा, नाक वर, ओठ आत — कच्ची चिंच दाताखाली आल्यासारखं तोंड करायचा — आणि बटन दाबायचा. अंदाजानं! त्यामुळे त्याच्या फोटोत काय यायचं? गाईची शेपटी यायची, गाय नाही. देवळाचा कळस कापला जायचा आणि वर नुसतं आभाळ. आम्ही पोट धरून हसायचो, आणि सगळ्यांत जास्त तोच हसायचा.

आणि शोभा. शोभा माझी बायको. तिला कॅमेऱ्याचं वावडं. समोर कॅमेरा आला की तिचा चेहरा असा होतो, जणू कुणीतरी रेशनकार्ड मागितलंय. आमच्या लग्नाच्या फोटोतही ती तशीच आहे, आणि का आहे हे विचारायची सोय नाही. फक्त एकच अपवाद. वसंतानं कॅमेरा उचलला, डोळे मिटले, की शोभा हसायची. साधी नाही, पदर तोंडाला लावायचं भान राहू नये अशी. "भाऊजी, नोका ना वो!" म्हणत हसायची. आणि त्याचे डोळे मिटलेले, त्यामुळे त्याला ते कधी दिसलंच नाही.

आता येतो केळझरला.

हिवाळ्यात गजाननच्या घरचा नवस फेडायचा होता, म्हणून केळझरच्या गणपतीला रोडग्यांचा स्वयंपाक ठरला. तिन्ही घरची माणसं, वांग्याची भाजी, वरण, आणि गोवऱ्यांच्या आरात भाजलेले कणकेचे गोळे, म्हणजे रोडगे. सकाळपासून आम्ही फोटो काढत होतो — पायऱ्या, माकडं, एकमेकांची टकलं. जेवणाची वेळ जवळ आली तसा वारा पडला आणि गोवऱ्यांचा धूर झाडाखालीच साचून राहिला. वरून फांद्यांमधून ऊन आलं — तिरपं, पट्ट्यापट्ट्यांचं. त्या धुरात बसून शोभा रोडगे उलटत होती.

मी पाहिलं. फोटो आहे, हे मला कळलं — एवढं श्रेय तरी मला द्याल? कॅमेरा माझ्याकडेच होता. चुलीपाशी चपला काढण्याआधीच माझ्या कोल्हापुरीचा फोटोही काढून झाला होता. दोन-तीनदा बटन दाबलं आणि प्रत्येक वेळी शोभेचं तोंड रेशनकार्डाचं. तेवढ्यात — काय सांगू — पहिला रोडगा राखेतून बाहेर निघाला. फुटलेला. आतून वाफ येत होती. नैवेद्य अजून दाखवायचा होता, ही गोष्ट मला माहीत होती. पूर्ण माहीत होती.

मी कॅमेरा वसंताच्या हातात दिला, रोडगा उचलला, तुपात बुडवला आणि झाडाच्या मागे गेलो.

देवाचा संबंध तो एवढाच. जीभ भाजली, तेव्हा त्याचा आणि माझा हिशेब तिथेच मिटला असं मी धरून चालतो. पण झाडामागे तोंडात गरम रोडगा फिरवत असताना मला शोभेचं हसणं ऐकू आलं. तेच, पदराचं भान नसलेलं. आणि मागोमाग कॅमेऱ्याचा आवाज. कोण कुणापुढे उभं होतं, हे झाडामागून कळायला मला डोळ्यांची गरज होती का?

मी परत आलो तर वसंता डोळे चोळत उभा. म्हणाला, "नुसता धूरच गेला बे डोयात. काई आलं नसन." कॅमेरा त्यानं पिशवीत ठेवून दिला होता. जेवणं झाली. म्हशीचं दूध काढायचं म्हणून तो उन्हातच आंजीला निघून गेला.

संध्याकाळी गजानन आणि मी कॉम्प्युटरसमोर बसलो. माझी कोल्हापुरी आली. माझी रेशनकार्डं आली. मग एक विचित्र फोटो आला — हललेला, राखाडी, मधोमध काळं-जांभळं गोल काहीतरी. गजानननं मान वाकडी करून पाहिलं. "हे वांगं कोनं काढलं बे?" म्हणाला, आणि पुसून टाकलं.

ते वांगं नव्हतं.

ते मी एका नजरेत ओळखलं होतं. तो वसंताच्या उजव्या पायाचा अंगठा होता. बैलाच्या खुराखाली सापडून त्याचं नख कायमचं काळं झालंय. शाळेपासूनचा मित्र, मी त्याचा अंगठा ओळखणार नाही? नैवेद्याचा स्वयंपाक, म्हणून चुलीपाशी आम्ही सगळे अनवाणी होतो. आणि या भल्या माणसानं, डोळ्यांत धूर गेलेला असताना, नियम पाळला होता. आधी आपला पाय काढला होता. चप्पल नव्हती, तर नुसता पाय.

मी बोलणार होतो? खरंच सांगतो, तोंड उघडलं होतं. पण गजानननं पुढचा फोटो आणला आणि माझं तोंड तसंच उघडं राहिलं.

काय होता तो फोटो! धुरातून उतरलेले उन्हाचे पट्टे, एका पट्ट्यात शोभा, हातात रोडगा, मान मागे टाकून हसतेय. इतकी वर्षं मी जिच्याबरोबर संसार करतोय ती बाई, आणि मी तिला असं समोरून कधी पाहिलंच नव्हतं. गजानन खुर्चीतून उठला. मागे गेला, पुढे आला. मग बोटानं आमचा नियम लावला — मागची चप्पल कुणाची? कोल्हापुरी.

"अबे, हा तं तुहा हाये!"

आणि मी काय केलं? पापण्या खाली केल्या. खांदे किंचित उडवले. आवाज जरा खोल नेला — मला येतं ते, गणेशोत्सवातल्या नाटकांत मी सलग कितीतरी वर्षं सावकार होतो — आणि म्हणालो, "येते बे कधी कधी हातून."

झालं. एवढंच. एक वाक्य. तुम्ही म्हणाल, यात काय? गंमत केली, दुसऱ्या दिवशी सांगून टाकायचं. मीही तेच ठरवलं होतं. पण खरं सांगायचं तर त्या वेळी मी कुठे होतो, हेही सांगावं लागलं असतं, आणि गजाननच्या नवसाचा नैवेद्य मी उष्टा केला हे गजाननला सांगायचं? मग उद्या सांगू म्हटलं. तेवढ्यात फोटो सगळ्या नातेवाइकांत फिरला. फुलगावच्या साडूनं फोन केला. गजानननं मोठा करून, फ्रेम करून माझ्या दुकानात लावला. लोक दुकानात भांडी घ्यायला यायचे आणि विचारायचे, कसा काढला हो? आणि मी — अरे देवा — मी सांगायला लागलो! "उजेडाची वाट पाहावी लागते," मी म्हणायचो. "माणूस कॅमेरा विसरेपर्यंत थांबावं लागतं." एका बाईंना तर मी कुकर विकता विकता संयमावर प्रवचन दिलं. खोटं कसं सांगू, मला मजा येत होती. फार मजा येत होती.

शोभेनं फोटो पहिल्यांदा पाहिला तेव्हा फक्त एवढंच विचारलं, "हा कवा काढला जी तुमी?" मी म्हटलं, तू हसत होतीस तेव्हा. तिनं माझ्या ताटात भाजी वाढली. तिला समोर कोण होतं ते धुरात दिसलं होतं की नाही, हे मी आजतागायत विचारलेलं नाही. तुम्ही विचारलं असतं?

पण हे सगळं म्हणजे अजून कबुली नव्हे. हे नुसतं अंगण झालं. घर पुढे आहे.

पुढच्या रविवारी वसंता आला. फ्रेमपुढे उभा राहिला, आणि त्याला इतका आनंद झाला की मला मिठी मारली. दुसऱ्याच्या चांगल्या गोष्टीवर असा आनंद होणारी माणसं असतात. मी त्यातला नाही. मग दुकानात दुसरं कुणी नाही असं पाहून, जरा लाजत, त्यानं विचारलं, "त्या दिवशी धुरात म्याबी बटन दाबलतं ना बे. त्यात काईच नाई आलं काय?"

विचारलं त्यानं. सरळ विचारलं. दुकानात आम्ही दोघंच. फ्रेम समोर. एक शब्द, आणि सगळं जिथल्या तिथे गेलं असतं.

मी म्हणालो, "आलं ना. वांगं आलं."

तो हसला. कसा हसला! "वांगं?" म्हणाला, "घ्या! भाजीच झाली असती त्याची!" आणि मीही हसलो. आम्ही दोघं त्याच्या अंगठ्यावर हसलो, त्याला माहीत नसताना.

ही माझी कबुली. फोटो चोरला ही नव्हे. त्यानं विचारल्यावर मी त्याला वांगं दिलं, ही.

आणि यावरही मी थांबलो नाही. तो म्हणाला, तू काढला तसा मले शिकव. आता सांगा, ज्याचा फोटो त्यालाच तो कसा काढायचा हे मी कसं शिकवणार? पण शिकवलं! आंजीला त्याच्या शेतात गोवऱ्या पेटवल्या, धूर केला, शोभेला बसवलं. गजानननं दुकानातून अस्तराची पट्टी आणली आणि वसंताचा डावा डोळा बांधून टाकला, म्हणजे उजवा उघडा राहील. मी मागे हात बांधून मोठ्या गुरूसारखा सांगत होतो — डोळा उघडा ठेव, श्वास रोख, घाई नको. त्यानं ऐकलं. सगळं ऐकलं. पहिल्यांदाच त्याचा फोटो न हलता आला. शोभेच्या पदराचा धागा धागा मोजून घ्यावा असा आला. आणि तोंड? रेशनकार्ड. कारण समोर आता डोळे मिटून चिंच खाणारा वसंता नव्हता, पट्टी बांधलेला एक गंभीर माणूस होता. हसण्यासारखं त्याच्यात जे होतं तेच आम्ही बांधून टाकलं होतं.

वसंतानं तो फोटो बराच वेळ पाहिला. मग म्हणाला, "फोटो साफ आला बे. पन वहिनी नाई आली त्यात."

त्या दिवसापासून त्यानं कॅमेरा हातात घेतलेला नाही. रविवारी येतो, अजूनही येतो. शेंगा आणतो, पिशवी धरतो, आमच्या चपलांवर विनोद करतो. पण त्याची पाळी आली की म्हणतो, "माह्या हाताले कापसाची पऱ्हाटीच समजते, हे नाई समजत. तुमी काढा." आणि कॅमेरा पुढे सरकतो. आमचे रविवार अजून मजेचेच असतात, तुम्ही आलात तर तुम्हालाही आवडतील. फक्त शोभा आता फोटोच्या वेळी हसत नाही, आणि कॉम्प्युटरवर रबरी चप्पल दिसत नाही.

गणपतीत गावातल्या वाचनालयाच्या सभागृहात आम्ही आमच्या फोटोंचं प्रदर्शन भरवलं. गजाननचे फोटो होते, माझे होते. वसंताचा एकही नव्हता. तो येणारही नव्हता, पण शोभेनं त्याला स्वतः फोन केला. "भाऊजी, तुमी येजा. तुमी आल्याशिवाय मी तिथं पाय ठेवत नाई." तिनं असं का म्हणावं? मी विचारलं नाही. माझी न विचारलेल्या गोष्टींची यादी आता बरीच लांबली आहे.

मुख्य भिंतीवर केळझरचा फोटो. माझ्या खांद्यावर शाल, हातात नारळ. समोर पाहुणे म्हणून एक निवृत्त मुख्याध्यापक, आणि मी त्यांना उजेडाची वाट कशी पाहावी लागते ते सांगतोय — हात असे हवेत, आवाज खोल. सभागृह ऐकतंय. आणि वसंता भिंतीजवळ एकटाच उभा आहे, फोटोच्या अगदी पुढ्यात. दुकानात त्यानं तो शंभरदा पाहिला असेल, पण तेव्हा गप्पा असायच्या, चहा असायचा. इथे शांतता होती. पाहता पाहता त्यानं — का कुणास ठाऊक — जुन्या सवयीनं डोळे मिटले. दोन्ही. नाक वर, ओठ आत. आणि शोभेनं त्याला तसं पाहिलं आणि ती हसली. कितीतरी महिन्यांनी, भर सभागृहात, पदराचं भान न ठेवता.

वसंतानं डोळे उघडले. तिच्याकडे पाहिलं. मग फोटोकडे पाहिलं. आणि मोठ्यानं बोलला. त्यावर सगळं सभागृह हसलं, मुख्याध्यापक हसले, गजानननं टाळी वाजवली. शोभेचं हसणं मात्र थांबलं होतं, ती माझ्याकडे पाहत होती. मी नारळ दोन्ही हातांनी धरला होता आणि सगळ्यांपेक्षा मोठ्यानं हसत होतो. सांगायला याहून चांगली वेळ कुठली मिळणार होती? ती मी हसण्यात घालवली. तो जे बोलला ते मात्र शब्दन् शब्द लक्षात आहे:

"अबे, हे तं तेच हासनं हाये — मी डोये मिटले का जे मले आयकू येते!"